भारी एलिमेंट

आमचे साडू माणूस म्हणून वाईट नाहीत, आणि माझी मूळ तक्रार तीच आहे. वाईट असते तर मी अठरा वर्षं सुखाने त्यांची निंदा केली असती आणि चार लोकांनी माना डोलावल्या असत्या. पण या गृहस्थाबद्दल कुठेही जरा वाकडं बोलायला जावं, तर समोरचा म्हणतो, "कोण, ते? फार सज्जन हो." त्यामुळे मला जे काही बोलायचं असतं ते आंघोळीच्या वेळी, नळ मोठा सोडून बोलावं लागतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वयाने मी त्यांच्याहून तीन वर्षं दोन महिन्यांनी मोठा आहे. पण त्यांनी थोरल्या मुलीशी लग्न केल्यामुळे ते थोरले जावई झाले आणि मी, केस पिकलेला, चष्म्याचा नंबर दोनदा वाढलेला, धाकटा जावई. सासरच्या घरातल्या प्रत्येक फोटोत ते सासऱ्यांशेजारी खुर्चीवर आहेत आणि मी मागे पडद्याला चिकटून उभा आहे. एका फोटोत तर मी निम्मा पडद्यामागेच आहे.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार चार वर्षं नीट लागत नव्हतं. ते उघडताना खालून गुडघा द्यावा लागे आणि लावताना वरून कोपर. मला ते अंगवळणी पडलं होतं. मी त्याला व्यायाम म्हणत असे. एकदा साडू चहाला आले. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक इवलासा स्क्रूड्रायव्हर असतो. चहा गाळून होईपर्यंत दार नीट झालं होतं आणि त्यांनी चहा गरमच प्यायला. त्यानंतर आठवडाभर आमची ही ते दार विनाकारण उघडत होती आणि लावत होती.

तर असे हे साडू घरी बिअर करू लागले. त्यांच्या घराला स्वतंत्र गॅरेज आहे. गाडी अंगणात उभी करून त्यांनी गॅरेजात पन्नास लिटरचं स्टीलचं पातेलं मांडलं, त्याच्या पोटाला भोक पाडून आत विजेचं एलिमेंट बसवलं आणि भिंतीवर तापमानाचे लाल आकडे दाखवणारी पेटी लावली. मोड आणून वाळवलेली बार्ली गरम पाण्यात भिजवायची, ते गोड पाणी गाळून कडू फुलं टाकून उकळायचं, निवल्यावर यीस्ट घालून दोन-तीन आठवडे झाकून ठेवायचं, एवढाच काय तो प्रकार. माझ्या मते यात कौतुक करण्यासारखं काहीही नव्हतं. हे मत मी नळ सोडून अनेकदा मांडलं.

एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे सगळे जमलो होतो. सासऱ्यांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "थोरले जावईबापू, गुण आहे तुमच्या हाताला."

"भावोजींना काहीही जमतं," आमची ही म्हणाली. बोलताना तिची नजर चुकूनही माझ्याकडे वळली नाही.

"पुढल्या महिन्यात माझी पंच्याहत्तरी," सासरे म्हणाले. "त्या दिवशी हीच पाहिजे मला."

"पंच्याहत्तरीची बिअर माझ्याकडून," कोणीतरी म्हणालं. सगळे माझ्याकडे बघू लागले तेव्हा ते मीच म्हणालो हे माझ्या लक्षात आलं.

बायकोने हवेत वास घेतला. "ताई, काहीतरी जळल्याचा वास येतोय का गं?"

इथे थोडा खुलासा करायला हवा. आपल्या भाषेत तव्यावरची पोळी जळते आणि दुसऱ्याचं चांगलं बघून माणूसही जळतो, दोन्हीला क्रियापद एकच. ही काटकसर कोणी केली मला माहीत नाही, पण आमची ही लग्नापासून तिचा पुरेपूर फायदा घेत आली आहे. साडूंनी नवी गाडी घेतली, तेव्हा तिला जळल्याचा वास आला. त्यांना बढती मिळाली, तेव्हाही आला. दर वेळी मी शांतपणे सांगतो की वास शेजाऱ्यांकडचा असेल. त्या दिवशी साडूंच्या घराला जवळपास शेजारीच नव्हते, म्हणून मी म्हणालो, "इस्त्रीचा असेल."

साडूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "करा की. जमेल तुम्हाला. फक्त एक सांगतो, एलिमेंट हलकं घ्या."

हलकं. पाच माणसांसमोर. आता हलकं कोण घेतं? कापड हलकं घेतो तो मनाविरुद्ध घेतो. हलक्या वस्तीत कोणी हौसेने राहत नाही. साडी घ्यायची तर भारी, शाळा निवडायची तर भारी, आणि साडूंनी काही केलं की आमची ही म्हणते, "काय भारी केलंय." म्हणजे भारी ते त्यांच्याकडे आणि मला मात्र हलकं. हलकं का, एवढं एकच मी विचारायला हवं होतं. पण विचारलं की माणूस लहान होतो, आणि त्या घरात मी आधीच धाकटा होतो. निघण्यापूर्वी मी गॅरेजात गेलो आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने वाकून त्यांच्या पातेल्याखालची पट्टी वाचून आलो. साडेतीन हजार वॅट.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी हीटरवाल्याच्या दुकानात गेलो. दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. छतापासून गुडघ्यापर्यंत एलिमेंटं टांगलेली, सरळ, वाकडी, वेटोळी, इस्त्रीची, गीझरची. हीटरवाला कानावर पेन्सिल खोचून एका जुन्या गीझरच्या पोटात हात घालून बसला होता.

"साडेपाच हजार वॅटचं द्या," मी म्हणालो.

"हलकं की भारी?" त्याने मान वर न करता विचारलं.

म्हणजे हा प्रश्न जगजाहीर होता. "भारी," मी म्हणालो. "तुमच्याकडे असेल त्यातलं सगळ्यात भारी."

आता त्याने मान वर केली. "कशाला पाहिजे?"

मी नकाशांच्या नकला देणाऱ्या कचेरीत अर्ज स्वीकारतो. लोकांना प्रश्न विचारणं हे माझं काम आहे. उत्तरं द्यायची मला सवय नाही. शिवाय घरी बिअर करतो म्हणावं तर तो दहा प्रश्न विचारणार आणि मला एकाचंही उत्तर येणार नाही. "पाणी तापवायला," मी म्हणालो.

"नुसतं पाणी ना? साखर, दूध, पीठ असलं काही नाही ना?"

"नुसतं पाणी."

"मग भारी चालेल." त्याने काउंटरवर दोन एलिमेंटं ठेवली. एक लांबलचक, चार वेळा दुमडलेलं. दुसरं आखूड, वीतभर, आटोपशीर. "दोन्ही साडेपाच हजारच. पण हे हलकं म्हणजे काय, तर इंचाला..."

"भारी द्या," मी म्हणालो. समोरचा माणूस समजावून सांगायला लागला की मला साडूंचा हात खांद्यावर असल्यासारखं वाटतं. मी ते आखूड, देखणं एलिमेंट कागदात गुंडाळून घेतलं आणि छाती काढून घरी आलो.

आमच्या वरच्या मजल्यावर फ्यूजकाका राहतात. वीज कंपनीतून निवृत्त झाले आहेत. इमारतीत दिवे गेले की बाकीचे लोक वैतागतात आणि काका हातात टॉर्च घेऊन प्रसन्न चेहऱ्याने जिना उतरतात. माझ्या हातातलं पुडकं बघून ते माझ्यामागोमाग आत आले, एलिमेंट हातात घेऊन वजन केलं आणि त्यावरचा आकडा वाचून खुर्चीत बसले.

"साडेपाच हजार? अहो, या इमारतीच्या वायरी माझ्या वयाच्या आहेत. आणि माझं दोनदा ऑपरेशन झालंय."

"मग काय करायचं?"

"मंजूर भार वाढवून घ्या. तीन किलोवॅटवर हे चालायचं नाही. अर्ज करा, मी कचेरीत कोणाला ओळखत नाही आता, पण तुम्ही माझं नाव सांगा." हा सल्ला मी पाळला, आणि काकांना खरोखरच तिथे कोणी ओळखत नव्हतं.

बावीस वर्षं मी लोकांचे अर्ज परत करतो आहे. शाई निळी नको, समास सोडा, सही चौकटीच्या आत करा. हे सगळं मी कामावरच्या निष्ठेने करतो. वीज कचेरीतल्या खिडकीमागच्या बाईंनी माझा अर्ज तीन वेळा परत केला तेव्हा मला प्रथमच जाणवलं की ही निष्ठा खिडकीच्या या बाजूने फारच वेगळी दिसते.

"ग्राहक कोण?" बाईंनी विचारलं.

"मीच."

"मीटर तुमच्या नावावर नाही. ग्राहक स्त्री आहे."

घर हिच्या नावावर आहे, मीटरही हिच्याच. मी घरी जाऊन हिची सही आणली. दुसऱ्या वेळी समास कमी पडला. तिसऱ्या वेळी बाईंनी पेनाने एका रिकाम्या ओळीवर टकटक केलं. वाढीव भाराचे कारण. मी लिहिलं, पाणी तापवणे.

"किती पाणी?"

"पन्नास लिटर."

"कशासाठी?"

माझ्यामागे चौदा माणसं उभी होती आणि त्यांतली निदान दहा कान टवकारून होती. बिअर हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला आणि माघारी गेला. एकदा नुसतं पाणी म्हटल्यावर आता मागे फिरणंही बरं दिसलं नसतं. "आंघोळ," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. मग लिहिलं, आंघोळ, आणि कंसात, कौटुंबिक.

चार दिवसांनी तपासनीस आले. उंच, किरकोळ माणूस, काखेत वही. मी नवं आणलेलं पातेलं न्हाणीघरात नेऊन ठेवलं होतं, म्हणजे खोटं निदान योग्य जागी दिसेल. तपासनिसांनी टेपने पातेल्याचं तोंड मोजलं, मग उंची मोजली, मग डोळ्यांनी मला मोजलं.

"यात बसतं कोण?"

"बसत नाही कोणी. पाणी बाहेर घेतो."

"घरात माणसं किती?"

"दोन," आमची ही म्हणाली. एवढं बोलून तिने पदर तोंडावर धरला.

"दोन माणसं, पन्नास लिटर," तपासनीस लिहीत म्हणाले. त्यांनी बराच वेळ लिहिलं. पाच किलोवॅट मंजूर केले आणि जाताना दारात थांबून म्हणाले की स्वच्छता चांगली, पण अति करू नये. ते गेल्यावर ही न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली आणि भिंतीला डोकं टेकून हसत राहिली. मला अर्ध्या किलोवॅटची चिंता होती, पण अर्ध्यासाठी पुन्हा त्या खिडकीवर जायची माझी तयारी नव्हती.

पंच्याहत्तरीला चोवीस दिवस राहिले होते. बिअर करायचा रविवार उजाडला. सकाळी आठला पातेलं स्वयंपाकघरात आलं, एलिमेंट त्यात बसलं. वेल्डरने भोक जरा तिरपं पाडलं होतं, त्यामुळे ते आत मान वाकडी करून बसल्यासारखं दिसत होतं. फ्यूजकाका टॉर्च घेऊन, कोणी न बोलावता, दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसले. बायकोला मी या प्रकरणात धरलंच नव्हतं, पण गोड पाणी तापू लागलं तसं ते तळाशी बसायला लागलं आणि सतत ढवळत राहणं भाग पडलं. साडूंच्या गॅरेजात मी कोणाला ढवळताना बघितलं नव्हतं. तिथे नुसते लाल आकडे बदलत असत. माझं काहीतरी चुकतंय अशी शंका मनात आली, पण मी तिला बसायला जागा दिली नाही.

"द्या इकडे," ही म्हणाली आणि माझ्या हातातून लाकडी दांडा घेतला. मग आम्ही आलटून पालटून ढवळत राहिलो. दहा मिनिटं तिची, दहा माझी. ती दंतवैद्याच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. ढवळता ढवळता तिने एका पेशंटची नक्कल करून दाखवली, जो भूल दिल्यावर अर्ध्या तोंडाने फोनवर बायकोशी भांडत होता. मग दुसऱ्याची. मग डॉक्टरांची. मला हसताना दांडा आवरेना. ती दवाखान्यात दिवसभर काय करते हे मी किती दिवसांत विचारलं नव्हतं, हे मला त्या वाफेत उभा असताना आठवलं. फ्यूजकाकाही हसत होते, पण त्यांचं अर्धं लक्ष मीटरच्या आवाजाकडे होतं.

साडेबाराला उकळी फुटायच्या बेतात होती. तेवढ्यात इमारतीतल्या कोणीतरी पाण्याचा पंप लावला. एक ठक्क असा आवाज झाला आणि सगळं गप्प झालं. पंखे थांबले, पंप थांबला, तळमजल्यावरच्या न्हाव्याच्या दुकानातलं गाणं मध्येच तुटलं. फ्यूजकाका उठले. तोंडावरचा आनंद लपवायचा प्रयत्न त्यांनी केला, पण तो साधला नाही. टॉर्चची काही गरज नसताना तो पेटवून ते खाली धावले.

मागोमाग जिन्यावर पावलं वाजली. दारात वीज तपासनीस उभे होते. गळ्याला न्हाव्याचं पांढरं कापड, डोक्याची डावी बाजू मशीनने बारीक केलेली, उजवी जशीच्या तशी. न्हाव्याचं मशीन माझ्या एलिमेंटमुळे त्यांच्या डोक्याच्या मध्यावर बंद पडलं होतं.

"आंघोळ चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "ग्राहकाला बोलवा. तुम्हाला मी काही विचारत नाही. ग्राहक कोण आहे, त्यांनी समक्ष यावं." ही दांडा ठेवून दारात आली. मीही तिथेच राहिलो, कारण बायकोला एकटीला अर्ध्या डोक्याच्या माणसासमोर सोडणं मला प्रशस्त वाटेना. तपासनिसांनी खिशातून वही काढली आणि मंजूर भार, त्याचं उल्लंघन, नोटीस आणि नागरिकाची जबाबदारी या विषयांवर बोलायला सुरुवात केली. त्यांच्या मानेवरून केस वहीत पडत होते आणि ते फुंकून बाजूला करत ते पुढे बोलत होते. मधे केव्हातरी पंखा फिरू लागला. फ्यूजकाकांनी खाली आपलं काम चोख केलं होतं.

हिने नाक वर केलं. "काहीतरी जळतंय," ती म्हणाली.

आता सांगा, अठरा वर्षांच्या अनुभवानंतर मी काय समजायचं? तपासनीस त्याच क्षणी म्हणत होते की त्यांचाही एक साडू आहे, त्याच्याकडे बघा, त्याने रीतसर दहा किलोवॅट घेतले आहेत. साडू हा शब्द निघाला आणि हिला वास आला. परक्या माणसासमोर तरी तिने हे काढू नये असं मला वाटलं. "आत्ता नको," मी दातओठ खात, हळू आवाजात म्हणालो.

"अहो, खरंच जळतंय."

"घरी बोलू."

"घरीच आहोत आपण," ही म्हणाली. "अहो, तुम्ही नाही, पातेलं."

आम्ही आत धावलो तेव्हा वेळ गेली होती. विजेबरोबर एलिमेंटही सुरू झालं होतं, ढवळायला कोणी नव्हतं, आणि तळाशी बसलेली सगळी साखर आणि पीठ त्यावर जाऊन बसलं होतं. बटण बंद करून मी चिमट्याने वरून खरवडून बघितलं. एलिमेंटवर बोटभर जाड काळा थर होता. स्वयंपाकघरात असा वास होता की तपासनीससुद्धा आत डोकावून म्हणाले, "आंघोळीत घालता तरी काय?" मग त्यांनी सही घेतली आणि उरलेलं डोकं कापून घ्यायला खाली गेले.

दुसरी खेप करायला बार्ली नव्हती आणि दिवसही नव्हते. जे उरलं होतं ते गाळून, निववून, यीस्ट घालून मी झाकून ठेवलं. सोमवारी ते काळं एलिमेंट घेऊन मी हीटरवाल्याशी भांडायला गेलो. त्याने ते हातात फिरवलं, नखाने थर उकरला, वास घेतला.

"नुसतं पाणी म्हणाला होतात."

मी छताला टांगलेली एलिमेंटं मोजू लागलो.

"साहेब, भारी म्हणजे चांगलं नव्हे. एवढ्याशा नळीत साडेपाच हजार कोंबलेत, इंचाला भार जास्त, म्हणून ते भारी. हे लांबडं आहे ना, त्यात तेवढीच वीज पसरून जाते. इंचाला भार कमी, म्हणून हलकं. गोडाला, दुधाला, पिठाला नेहमी हलकंच घ्यायचं, जळत नाही. आणि खरं सांगायचं तर हलकंच महाग पडतं." त्याने एलिमेंट मला परत दिलं. "तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

पंच्याहत्तरीच्या दिवशी भर दुपारी आम्ही बसने सासऱ्यांकडे निघालो. माझ्या पायांमध्ये बिअरचा डबा होता. तीन थांबे गेल्यावर ही खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "भावोजींना त्यांची थोडी बिअर गाडीत ठेवायला सांगितलीय. लागली तर." पुढचे दोन थांबे मी डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा आवळत राहिलो. मला राग आला होता आणि वाईटही वाटलं होतं. लागली तर हे तिने दयेने म्हटलं होतं. लागणार होती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सगळ्यांचे पेले भरले गेले. सासऱ्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. ते बराच वेळ मिटलेलेच राहिले. मग त्यांनी पेला खाली ठेवला. "जळकी आहे," ते म्हणाले. पंच्याहत्तराव्या वर्षी माणसाला आडवळणाने बोलायची गरज उरत नाही.

मी पडद्याकडे बघितलं. तेवढ्यात साडूंनी आपला पेला उचलला, तळापर्यंत रिकामा केला आणि माझ्यापुढे धरला. "आणखी द्या," ते म्हणाले. "माझी पहिली याहून वाईट झाली होती. मीही भारीच घेतलं होतं, सहा हजार वॅटचं. सगळी मोरीत ओतली आणि कोणाला सांगितलं नाही."

"तुम्ही तर म्हणालात पातेलं गळलं," ताई म्हणाल्या.

"पातेलं ठीक होतं. मी गळलो होतो."

सगळे हसले, सासरे तर ठसका लागेपर्यंत हसले, आणि हसले ते साडूंना. मला वाचवायला त्यांनी स्वतःचं हसं करून घेतलं होतं. कृतज्ञता वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण तिच्या आधी मला दोन गोष्टी खुपल्या. एक म्हणजे मन मोठं करण्यातही हा माणूस माझ्यापुढे गेला. आणि दुसरी म्हणजे माझं साडेपाच हजार वॅटचं जळलं आणि त्यांचं सहा.

मग हिने तपासनिसांची गोष्ट सांगितली. अर्धं डोकं, गळ्याचं कापड, कौटुंबिक आंघोळ, आणि आत्ता नको, घरी बोलू. माझा आवाज तिने हुबेहूब काढला. मग म्हणाली, "साडेचार तास ढवळलं आम्ही दोघांनी. हात भरून आले, पण त्याहून पोट दुखलं हसून हसून." तिने डोळे पुसले आणि बोलता बोलता माझ्या हातावर हात ठेवला. सगळे हसत होते. साडू मात्र हसत नव्हते. ते त्या हाताकडे बघत होते.

जेवणं झाल्यावर साडू स्वयंपाकघरात पेले विसळत होते. अर्थातच तेही त्यांना जमतं. मी फडकं घेऊन पुसायला उभा राहिलो.

"धाकटी खरंच साडेचार तास होती?" त्यांनी विचारलं.

"आलटून पालटून. भारी एलिमेंट, ढवळत राहावंच लागतं."

"माझ्याला लागत नाही." त्यांनी एक पेला उजेडात धरून बघितला आणि पुन्हा विसळायला घेतला. तो स्वच्छ होता. "हलकं आहे ना. बटण दाबायचं आणि खुर्ची घेऊन बसायचं. आमच्या हिला त्या वासाने मळमळतं, म्हणून तर गॅरेजात. सहा तास मी त्या लाल आकड्यांकडे बघत बसतो. बोलायला कोणी नाही. खरं सांगू का, मघाशी मला तुमचा हेवा वाटला."

अठरा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं की काय बोलायचं याची नळ सोडून कितीतरी वेळा तालीम केली होती. उत्तरं तयार होती, एकाहून एक झोंबणारी. पण ते पाठमोरे उभे होते, स्वच्छ पेला विसळत होते, आणि त्या स्वतंत्र गॅरेजाचा मी इतकी वर्षं हेवा केला होता. मी पुसून झालेला पेला पुन्हा पुसायला घेतला.

"पुढच्या खेपेला तुम्ही आमच्याकडे या," शेवटी मी म्हणालो. "ताईंना नका आणू, वास येतो. पण तुम्ही या. ढवळायला माणूस लागतोच."

"आता तुम्ही हलकंच बसवाल ना पण?"

"नाही," मी म्हणालो. "घासून भारीच ठेवतोय."

ते वळले आणि माझ्याकडे बघून हसले. मग आम्ही उरलेले पेले विसळून, पुसून ठेवले. बाहेर फोटोसाठी हाका मारत होते. मी नेहमीसारखा पडद्याजवळ जाऊन उभा राहिलो, आणि साडू खुर्चीत न बसता माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्या फोटोत आम्ही दोघंही निम्मे निम्मे पडद्यामागे आहोत.

परतीच्या बसमध्ये ही म्हणाली, "स्वयंपाकघरात काय बोलत होतात एवढं?"

"काही नाही. एलिमेंटबद्दल."

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं, मग नाक वर केलं. "काहीतरी जळल्याचा वास येतोय."

"डब्याचा आहे," मी म्हणालो. आणि अठरा वर्षांत पहिल्यांदाच ते खरं होतं.